क्रांती तोंडी लावण्यापुरती? मुळीच नाही

'डॉक्टर झिवागो'चा विषय निघाला की एक शेरा हमखास ऐकू येतो. चित्रपट देखणा आहे, संगीत कानात घोळत राहतं, पण क्रांती मात्र तोंडी लावण्यापुरती आहे. रशियासारखा अवाढव्य देश मुळापासून हादरतोय आणि दिग्दर्शकाला पडलंय ते एका विवाहित डॉक्टरच्या प्रेमप्रकरणाचं! १९६५च्या डिसेंबरात हा चित्रपट अमेरिकेत झळकला तेव्हा तिथल्या नामवंत समीक्षकांनी याच सुरात झोड उठवली होती. आज आपल्याकडच्या फिल्म सोसायटीत खेळ संपून दिवे लागले की कुणीतरी उठून तेच बोलतं, आणि बाकीचे माना डोलावतात. इतकी वर्षं टिकलेला आक्षेप खरा असलाच पाहिजे, असा त्यामागे समज असतो. मला तो साफ नामंजूर आहे. चित्रपटात प्रत्यक्ष काय दाखवलंय ते बाजूला ठेवून, काय दाखवायला हवं होतं याची आधीच यादी करून बसलेल्यांचा हा आक्षेप आहे.

त्या यादीत काय असतं ते सहज सांगता येईल. लेनिनचं भाषण, हिवाळी राजवाड्यावरचा हल्ला, लाल झेंड्यांची लाट. दिग्दर्शक डेव्हिड लीनला हे जमलं नसतं असं कोण म्हणेल? तीनच वर्षांपूर्वी त्याने 'लॉरेन्स ऑफ अरेबिया'त वाळवंटभर फौजा पळवल्या होत्या. गर्दी, घोडे, बंदुका यांचा त्याच्याएवढा सराव त्या काळी फार थोड्यांना होता. तरीही इथे त्याने राजवाडा दाखवला नाही. त्याने घर दाखवलं. सगळा वाद इथेच आहे, म्हणून ते घर आधी नीट बघू.

झिवागो युद्धाच्या आघाडीवरून मॉस्कोत परततो. आईबापावेगळा पोर म्हणून ज्या घरात तो वाढला, ज्या घरातल्या मुलीशी त्याचं लग्न झालं, त्या घराचा दरवाजा उघडतो. आत जिन्यावर, दालनांत, जिकडे तिकडे परकी माणसं. बायको टोन्या लगबगीने पुढे येते. तिच्या चेहऱ्यावर आनंद आहे आणि आनंदाच्या बरोबरीने धास्ती आहे, कारण शेजारी गृहसमितीचे प्रतिनिधी उभे आहेत आणि नवरा तोंडातून काय काढेल याची तिला खात्री नाही. प्रतिनिधी सुनावतात की या एका घरात तेरा कुटुंबांना पुरेल एवढी जागा होती. झिवागो क्षणभर त्या गर्दीकडे बघतो आणि म्हणतो, मग ही व्यवस्था जास्त बरी, जास्त न्यायाची. हे तो जीव वाचवण्यापुरतं बोलत नाही. त्याला ते खरंच पटलेलं आहे. आणि त्याच वेळी आपलं घर गेलं हेही त्याला कळलेलं आहे. दोन्ही गोष्टी एकाच माणसाच्या मनात, एकाच दमात. क्रांतीबद्दल यापेक्षा प्रामाणिक प्रसंग किती चित्रपटांत आहे, ते आक्षेप घेणाऱ्यांनी मला दाखवावं.

पुढे हेच घर एका खोलीत आक्रसतं. एका शेगडीभोवती सासरा, बायको, मूल. सरपण नाही म्हणून शिकलासवरलेला डॉक्टर रात्री कुंपणाच्या फळ्या उपटून आणतो आणि नेमका आपल्या सावत्रभावाच्या, येवग्राफच्या, नजरेला पडतो. येवग्राफ राजवटीचा पोलीस आहे. चोरी पकडायला मागोमाग आलेला हा माणूस त्यांना मॉस्को सोडायला सांगतो, परवान्यांची सोय करतो, आणि जाता जाता हेही सांगतो की तुझ्या कविता वर पसंत पडलेल्या नाहीत, फार खासगी आहेत. पाच-सात मिनिटांत सरपण, पोलीस, कविता आणि हद्दपारीची चाहूल एका खोलीत येऊन बसतात. याला पार्श्वभूमी कसं म्हणायचं? पार्श्वभूमी मागे असते. इथे क्रांती उंबरा ओलांडून आत आली आहे आणि कोणी कुठे झोपायचं ते ठरवते आहे.

कत्तलीचा प्रसंगही असाच. रात्रीच्या बर्फात गाणी गात शांतपणे मोर्चा येतो, झारचे घोडेस्वार तलवारी उपसतात, आणि घोडे दौडू लागताच कॅमेरा वळतो तो गच्चीवर उभ्या असलेल्या झिवागोच्या चेहऱ्याकडे. तलवार अंगावर पडताना आपल्याला जवळपास दिसतच नाही. ते बघणारा माणूस दिसतो. याला पळवाट म्हणणारे भेटले आहेत. माझ्या मते हा संपूर्ण चित्रपटातला सर्वांत धीट निर्णय आहे. घोड्यांच्या टापांखालची माणसं दाखवून प्रेक्षकाला हादरवणं सोपं असतं, आणि त्या हादऱ्यात एक छुपा थरारही असतो. लीनने तो थरार आपल्याला मिळू दिला नाही. पाहणाऱ्याच्या डोळ्यांत जे मोडलं तेवढंच दिलं, आणि नंतर बर्फावरचं रक्त. झिवागो खाली धावतो, जखमींना हात घालतो, आणि त्याला आत जायला फर्मावलं जातं.

आता शीतयुद्धाचा आरोप. हा चित्रपट म्हणजे पाश्चात्त्यांचा सोव्हिएतविरोधी प्रचार, असं आपल्याकडच्या डाव्या मित्रांकडून मी वर्षानुवर्षं ऐकत आलोय. या मित्रांबद्दल मला आदर आहे. आपल्याकडच्या एका पिढीने रशिया ओळखला तो सोव्हिएत प्रकाशनांच्या स्वस्त आणि सुबक मराठी भाषांतरांतून. गॉर्कीची 'आई' वाचून किती तरी जण चळवळीत ओढले गेले, आणि त्या पुस्तकांनी त्यांना जे दिलं ते खोटं नव्हतं. पण त्या पुस्तकांच्या ढिगात बोरिस पास्तरनाक नव्हता, असूच शकत नव्हता. ज्या कादंबरीवर हा चित्रपट बेतलाय ती त्याची कादंबरी १९५६मध्ये 'नोवी मीर' मासिकाने परत केली होती, आणि त्याच मासिकात ती छापून यायला १९८८ साल उजाडलं. दरम्यान १९५८चं नोबेल जाहीर झालं, देशात गहजब उडाला, लेखक संघातून त्याला हाकललं, त्याला पारितोषिक नाकारायला भाग पाडलं. देश सोडून जाणं म्हणजे मरणच, असं त्याने ख्रुश्चेव्हला कळवलं आणि तो तिथेच राहिला. १९६०मध्ये तो गेला. त्यानंतर काही महिन्यांतच, त्याच्या कादंबरीतल्या लाराशी, म्हणजे झिवागोच्या प्रेयसीशी, जिचं नातं जोडलं जातं त्या ओल्गा इव्हिन्स्कायाला दुसऱ्यांदा अटक करून छावणीत धाडण्यात आलं.

सीआयएने ही कादंबरी रशियन भाषेत गुपचूप छापून घेतली आणि १९५८च्या ब्रुसेल्सच्या जागतिक प्रदर्शनात सोव्हिएत पाहुण्यांच्या हाती पडेल अशी व्यवस्था केली, हेही खरं आहे. २०१४मध्ये त्यांची स्वतःची कागदपत्रंच बाहेर आली. पण शत्रूने एखादं पुस्तक वापरलं म्हणून ते शत्रूचं ठरत नाही. ही कादंबरी जगापुढे आधी आणली कोणी? मिलानच्या फेल्ट्रिनेल्लीने, १९५७च्या नोव्हेंबरात, आणि तो इटालियन कम्युनिस्ट पक्षातला माणूस होता. पक्षाचा दबाव झुगारून त्याने ती छापली. चित्रपटाची पटकथा कोणाची? रॉबर्ट बोल्टची. बोल्ट तरुणपणी ब्रिटिश कम्युनिस्ट पक्षाचा सभासद होता आणि १९६१मध्ये अण्वस्त्रविरोधी आंदोलनापायी तुरुंगातही जाऊन आला होता. टोन्या झाली आहे जेराल्डीन चॅप्लिन. तिच्या वडिलांना डावेपणाच्या संशयावरून १९५२मध्ये अमेरिकेने दार बंद केलं होतं. प्रचारपट काढायला बसलेल्यांची टोळी अशी असते का?

आणि पडद्यावर काय आहे? मोर्चाची कत्तल झारच्या माथी आहे. खंदकांतला चिखल झारच्या माथी आहे. लाराचा नवरा पाशा अंतिपॉव्ह क्रांतिकारक का झाला ते त्याच्या गालावरचा तलवारीचा व्रण सांगतो. जुन्या राजवटीचा खरा प्रतिनिधी आहे कोमारोव्स्की, शाळकरी वयाच्या लाराला नासवणारा वकील, आणि रॉड स्टायगरने तो इतका भरीव उभा केलाय की त्याच्या प्रत्येक प्रवेशाला अंगावर काटा येतो. हा माणूस झारच्या काळात सुखात असतो आणि क्रांतीनंतरही कुठल्याशा सरकारात पद मिळवून रेल्वेचा खास डबा घेऊन हजर होतो. राजवट बदलली तरी कोमारोव्स्की टिकतो आणि पाशा टिकत नाही, यात क्रांतीचा द्वेष कुठे आहे? यात क्रांतीबद्दलचं दुःख आहे, आणि ते दुःख तिच्याकडून आशा बाळगलेल्यालाच होतं. झिवागोने ती बाळगली होती. अन्यायाच्या गाठी कापून काढणं ही मोठी शस्त्रक्रिया आहे हे तो कौतुकानेच मान्य करतो. एवढंच म्हणतो की ती चालू असताना रोगी जिवंत ठेवण्याचं कामही कोणाला तरी करावं लागतं. डॉक्टर यापेक्षा वेगळं काय बोलेल?

रशिया खोटा आहे, सगळं स्पेनमध्ये उभारलंय, या तक्रारीवर फार शाई खर्च करण्यात अर्थ नाही. सोव्हिएत भूमीवर चित्रीकरणाची परवानगी मिळणं अशक्य होतं. म्हणून कलादिग्दर्शक जॉन बॉक्सने माद्रिदच्या वेशीवर मॉस्कोचा अख्खा रस्ता बांधला, ऐन उन्हाळ्यात संगमरवराची भुकटी बर्फ म्हणून पसरली, झिवागो जिथे आसरा घेतो त्या व्हारिकिनोच्या गोठलेल्या घरात मेण ओतलं. आगगाडीच्या काही दृश्यांसाठी पथक फिनलंडला गेलं. हे सगळं माहीत असूनही त्या घराचं दार उघडल्यावर माझ्या अंगात हीव भरतं. नाटकातला पडदा रंगवलेला असतो म्हणून आपण नाटक खोटं म्हणत नाही. इंग्लिश उच्चार खटकतात हे मात्र कबूल, आणि मॉरिस जारची ती प्रसिद्ध धून दोन-चार ठिकाणी कमी वाजली असती तर तिचा आब वाढला असता हेही कबूल.

नायक निष्क्रिय आहे, हा आक्षेप जास्त गंभीर आहे. झिवागो काहीच करत नाही, त्याच्या बाबतीत सगळं घडत जातं, ओमर शरीफ नुसता ओल्या डोळ्यांनी बघत राहतो. काहीच करत नाही? आघाडीच्या इस्पितळात तो जखमा बांधतो. मॉस्कोत गृहसमितीचा माणूस त्याला गुपचूप रोग्याकडे घेऊन जातो. रोग्याला तपासून तो सांगतो की हा टायफस नव्हे. शहरात नाहीच असं ज्याबद्दल सांगितलं जातं तो दुसरा आजार आहे, उपासमार. ज्या शहरात उपासमार हा शब्द उच्चारणं धोक्याचं आहे तिथे खरं निदान तोंडाने सांगणं ही कृती नाही? पुढे क्रांतीच्या बाजूचे गनीम त्याला वाटेत पकडून नेतात, तेव्हाही तो त्यांच्या जखमींची सेवा करतो. पण तो बंदूक उचलत नाही, घोषणा देत नाही, कोणाला मारत नाही. आपली नजर नायकाने काहीतरी फोडलं-तोडलं की त्याला कर्तबगार मानायला सोकावली आहे. मारणाऱ्यांनी भरलेल्या त्या काळात बांधत, तपासत आणि लिहीत राहणारा एक माणूस लीनने केंद्रस्थानी ठेवला आणि तीन तास वीस मिनिटं तिथून हलवला नाही. त्याला धैर्य लागतं.

पिंपाचा प्रसंग आठवा. आघाडी सोडून घराकडे निघालेले सैनिक आणि आघाडीवर निघालेली नवी तुकडी रस्त्यात समोरासमोर येतात. एक अधिकारी पाण्याच्या पिंपावर चढून भाषण करतो. बोलतो चांगलं, सैनिक ऐकू लागतात, क्षणभर वाटतं की हे लोक परत वळतील. तेवढ्यात पिंपाचं झाकण मोडतं, अधिकारी कमरेपर्यंत पाण्यात जातो, हशा पिकतो आणि गोळी सुटते. इतिहास कुठल्या फळकुटावर उभा असतो ते या एका प्रसंगात आहे. ज्यांना चित्रपटात क्रांती दिसत नाही त्यांनी हे अर्धं मिनिट तरी पुन्हा पाहावं.

तरीही प्रेमकथाच शेवटी, असं म्हणणाऱ्यांची एक खोड मला ओळखीची आहे. फडके-खांडेकरांच्या वादाने आपल्या वाचकाच्या मनात दोन कप्पे पडले ते अजून बुजलेले नाहीत. प्रेम आलं की ते रंजन, समाज आला की ते गांभीर्य. हे कप्पे घेऊन 'झिवागो' पाहायला बसलं तर तो निसटणारच, कारण तो या दोन्हींमधली भिंतच मानत नाही. लाराचं प्रेम क्रांतीपासून पळून जाण्याची जागा म्हणून येत नाही. दोघांची ओळख जुळते ती युद्धाच्या इस्पितळात, जखमींच्या खाटांमध्ये. ताटातूट होते ती गनिमांच्या हातून, आणि तीही केव्हा, तर टोन्याला दिवस गेले आहेत म्हणून लाराचा निरोप घेऊन तो घराकडे निघालेला असताना. म्हणजे घराशी इमान राखायचं ठरवलेल्या माणसाला इतिहास घरी पोचू देत नाही. याला व्यभिचाराचं उदात्तीकरण म्हणणाऱ्यांनी टोन्याकडेही बघावं. लीनने तिला बिचारी केलेली नाही, खाष्ट केलेली नाही. हद्दपारीच्या उंबरठ्यावरून तिचं जे पत्र येतं त्यात लाराबद्दल एकही कडू शब्द नाही. ते पत्र जपून ठेवून झिवागोच्या हाती देते ती लाराच. दोन्ही बायकांना इतक्या मानाने वागवणारी त्रिकोणी प्रेमकथा मला दुसरी चटकन आठवत नाही.

मूळ कादंबरीशी तुलना करणाऱ्यांचं एक म्हणणं मात्र खरं आहे. पुस्तकाच्या शेवटी झिवागोच्या पंचवीस कविता आहेत. चित्रपटात त्यातली एकही ओळ ऐकू येत नाही. कवीवरच्या चित्रपटात कविता नाही, ही उणीव आहे आणि ती सारवासारव करून झाकू नये. पण भाषांतरातली कविता पार्श्वभूमीवर कोणा नटाच्या खर्जात वाजवली असती तर काय झालं असतं, याची कल्पना करून पाहिली की लीन आणि बोल्ट यांचा नकार कळतो. त्यांनी कवितेच्या जागी रात्र दिली. गोठलेलं घर, मेज, दौत, बाहेर लांडग्यांची ओरड, आणि बोटं आखडलेली असताना कागदावर उतरत जाणारं लाराचं नाव. कविता काय आहे ते कळत नाही, पण ती कुठल्या किमतीला लिहिली जाते ते कळतं.

कादंबरीतला झिवागो शेवटी आणखी एका स्त्रीबरोबर संसार मांडतो, त्याला मुली होतात. तेही चित्रपटाने गाळलं, आणि माझ्या मते बरं केलं. धरणावरचं शेवटचं इंद्रधनुष्य गाळलं असतं तर आणखी बरं झालं असतं.

आता मूळ आक्षेपाकडे येतो, कारण त्याचं सर्वांत चोख उत्तर चित्रपटातच आहे. पाशा अंतिपॉव्ह आता स्ट्रेलनिकॉव्ह झाला आहे, चिलखती आगगाडीतून गावं जाळत फिरणारा लाल सेनापती. टॉम कोर्टनीच्या चेहऱ्यावर अगदी तरुण आणि अगदी थंड असे दोन भाव एकदम दिसतात. समोर पकडून आणलेला झिवागो उभा आहे. एकेकाळी स्ट्रेलनिकॉव्हला त्याच्या कविता आवडत असत. आता त्याला त्या हास्यास्पद रीतीने खासगी वाटतात. प्रेम, भावना, आतला ओलावा हे सगळं आता क्षुल्लक झालं आहे. रशियात खासगी आयुष्य मेलंय, इतिहासाने ते मारलंय, असं तो शांतपणे सुनावतो. 'डॉक्टर झिवागो' इतिहास सोडून खासगी गोष्टीत गुंतला म्हणणारा प्रत्येक समीक्षक आपल्या नकळत स्ट्रेलनिकॉव्हचं म्हणणं पुन्हा मांडत असतो. ते म्हणणं दिग्दर्शकाच्या ध्यानात आलं नव्हतं असं नाही. त्याने ते ऐकलं, एका बुद्धिमान आणि प्रामाणिक माणसाच्या तोंडी घातलं, आणि मग उरलेला चित्रपट त्याच्याशी वाद घालण्यात घालवला.

गव्हाच्या शेतात गनिमांनी मशिनगनने ज्यांना टिपलं ती पांढऱ्या कपड्यांतली लष्करी शाळेची पोरं होती असं उघडकीला येतं, तेव्हा झिवागो पक्षाच्या राजकीय अधिकाऱ्याला विचारतो, तू कधी एखाद्या बाईवर प्रेम केलंयस का? तो उत्तर देतो की मला एकेकाळी बायको होती आणि चार मुलं होती. तो एवढंच सांगतो आणि पुढे निघतो. त्याच्यापुरता स्ट्रेलनिकॉव्ह खरा ठरलाय.

पण खुद्द स्ट्रेलनिकॉव्हच्या बाबतीत तो खरा ठरत नाही. पक्षाच्या मर्जीतून उतरल्यावर तो पकडला जातो ते व्हारिकिनोपासून जेमतेम पाच मैलांवर, उघड्या रस्त्यात. तिथे लारा आहे. पकडणाऱ्यांना तो आपलं नाव पावेल अंतिपॉव्ह सांगतो आणि स्ट्रेलनिकॉव्ह म्हणून मारलेल्या हाकेला ओ द्यायला नकार देतो. खासगी आयुष्य मेलंय असं ज्याने जाहीर केलं होतं तो सेनापती शेवटी जीव मुठीत धरून आपल्या बायकोकडे निघालेला असतो, लग्नाच्या वेळचं नाव परत घेऊन.